पंधरा पैशांचे कार्ड



मृग तोंडावर आला आहे. घरोघरी बियाण्याची पोती, खताचा हिशेब आणि उसनवारीची गडबड चालू असेल. अशा दिवसांत बीजप्रक्रिया सोडून हा माणूस आकाशातल्या गोष्टी काय सांगत बसला, असे कुणी म्हटले तर मी राग धरणार नाही. शेवटी बियाण्यावर येतोच. पण थोडी वाट वाकडी करून.

माझ्या जुन्या ट्रंकेत पिकांच्या रोगांवरचे एक कॉलेजातले पुस्तक आहे. त्यात एक पोस्टकार्ड आहे, पंधरा पैशांचे. त्यावर पत्ता आहे, मजकूर आहे, खाली माझी सही आहे. शिक्का मात्र नाही, कारण ते मी कधी पेटीत टाकलेच नाही. पत्ता आहे डॉ. जयंत नारळीकर यांचा.

डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले, वयाच्या ८६ व्या वर्षी. त्यानंतर पाचव्या दिवशी, २५ मेला, मान्सून महाराष्ट्रात दाखल झाला, मृगाच्या जवळजवळ दोन आठवडे आधी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि तो जोडलेला त्यांना मुळीच खपला नसता. माझ्या कार्डावरचा प्रश्न मात्र मृगाचाच होता.

तो किस्सा असा. मी बी.एस्सी. ॲग्रीला असताना शेजारच्या शहरात त्यांचे व्याख्यान होते. आम्ही पाच-सहा पोरे सायकली मारत गेलो. सभागृह गच्च भरलेले, आम्ही खिडकीत. विश्व केवढे मोठे आहे हे त्यांनी साध्या मराठीत सांगितले, आवाज न चढवता. व्याख्यान संपल्यावर सह्यांसाठी रांग लागली, आणि त्या रांगेत त्यांची ती रीत मी पहिल्यांदा पाहिली. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांतल्या मुलांना ती ठाऊक आहे. वहीवर सही मागणाऱ्या मुलाला ते सांगत, की एखादा शास्त्रातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही असेल. सही हवी तर आधी डोके चालवा, असा तो सौदा होता. अशी किती कार्डे त्यांनी आयुष्यभर लिहिली असतील, देव जाणे. एवढ्या कामाच्या माणसाने खेड्यातल्या पोराच्या प्रश्नाला स्वतः उत्तर लिहायचे, ही गंमत नव्हे. माझ्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा पडला की मला काय वाटते, ते मला माहीत आहे.

मी दुसऱ्याच दिवशी कार्ड आणले. प्रश्न लहानपणापासून मनात होता. आमच्याकडे गव्हाला रात्रीचे पाणी द्यायचे. थंडीत दारे धरायला आजोबांबरोबर मी जाई. आजोबा घड्याळ बघत नसत, वर बघत. तीन तारे एका ओळीत, त्याला आमच्याकडे तिकांडे म्हणतात. तो मृगाच्या पोटात घुसलेला बाण, असे ते सांगत. तिकांडे डोक्यावर आले की अमुक वाफा झाला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. मग माझा प्रश्न असा, की मृग आकाशात दिसतो थंडीत, आणि ‘मृग लागला’ म्हणतो आपण जूनमध्ये, हे कसे? जूनच्या रात्री मृग शोधूनही सापडत नाही.

कार्ड लिहिले, आणि खोलीतल्या मित्राने वाचले. म्हणाला, “अरे, केंब्रिजहून आलेल्या माणसाला हे विचारतोस? हसतील तुला.” झाले. कार्ड पुस्तकात गेले ते गेलेच.

उत्तर मला पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांच्यासारख्यांची पुस्तके वाचून कळले, आणि ते इतके सोपे निघाले की मीच हसलो. पृथ्वी सूर्याभोवती वर्षभर फिरते, म्हणून आपल्याला सूर्य ताऱ्यांमधून सरकताना दिसतो. साधारण ७-८ जूनला तो मृग नक्षत्रात शिरतो. म्हणजे त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याच्या पाठीमागे, भर दिवसाच्या आकाशात असतात. उजेडात दिसणार कसे? सहा महिन्यांनी पृथ्वी दुसऱ्या अंगाला जाते, आणि तेच तारे मध्यरात्री डोक्यावर येतात. आजोबांचे घड्याळ आणि पंचांगातला मृग एकच. एकात मृग रात्री दिसतो, दुसऱ्यात सूर्याने झाकलेला असतो.

यात आणखी एक मेख आहे, ती मात्र मुद्दाम लक्षात ठेवा. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो. त्यामुळे सूर्य मृगात शिरण्याचा दिवस साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. दीड हजार वर्षांत तीन आठवडे झाले की! पाऊस मात्र ऋतूच्या मागे येतो. जमीन तापणे, समुद्रावरचा वारा, हवेचा दाब यांच्या मागे. नक्षत्राच्या मागे तो येत नाही. तारीख ओळखायला नक्षत्र चांगले, आणि आपल्या वाडवडिलांनी ते बारकाईने बघितले होते, याचा मला अभिमान आहे. पण त्यापुढे पंचांगात नक्षत्राचे वाहन दिलेले असते, बेडूक, म्हैस, उंदीर, कोल्हा, त्यावरून पाऊस किती ते ठरवतात. त्याला काडीचा आधार नाही.

हे मी आज ठामपणे लिहितो. पण ते सांगायची माझी पूर्वीची तऱ्हा फार वाईट होती. तेही सांगतो.

त्याआधी या माणसाचे घर कसे होते ते बघा. नारळीकर १९ जुलै १९३८ ला कोल्हापुरात जन्मले आणि वाढले बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात भिंतीला फळा होता. मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर भाच्यासाठी एक अवघड गणित लिहून ठेवायचे, वर ‘आव्हान’ असे लिहून. भाच्याने सोडवेपर्यंत ते तसेच राही. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे भिंतीवर देवादिकांचे कॅलेंडर असते, उधारीचे आकडे असतात, एखादा फळा टांगायला काय हरकत आहे? लेकीने दुधाचा फॅटप्रमाणे भाव काढावा, पोराने एकरी बियाण्याचा हिशेब मांडावा.

पुढे केंब्रिजला १९५९ साली गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधन केले आणि १९६४ मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा जगभर नाव झाले. १९६५ साली पद्मभूषण मिळाले ते अवघ्या २६ व्या वर्षी. तिकडे सगळे सुखाचे असताना १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत आले.

त्यांच्या पत्नी मंगलाताई स्वतः गणिताच्या. लग्न १९६६ चे. तीन मुली, घरात सासू-सासरे, पाहुणे, आणि त्यातून त्यांनी १९८१ मध्ये गणितातली पीएच.डी. केली. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठी पुढे त्यांनी पुष्कळ काम केले. माझ्या वाचक भगिनींना वेगळे सांगायला नको, की असल्या घरात आधी कुकरच्या शिट्या मोजायच्या आणि मग आकडे. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या.

आता एक मजेशीर हकीगत. अहमदाबादला शास्त्रज्ञांची परिषद होती. एक व्याख्यान इतके कंटाळवाणे चालले होते, की नारळीकरांनी परिषदेत मिळालेल्या कागदांवरच गोष्ट लिहायला घेतली. (कंटाळवाण्या व्याख्यानांत मी काय करतो, ते इथे लिहिता येणार नाही.) ती गोष्ट म्हणजे ‘कृष्णविवर’. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ती पाठवायची ठरली, पण आपल्या नावामुळे बक्षीस मिळाले असे नको. म्हणून नाव घेतले नारायण विनायक जगताप. स्वतःची आद्याक्षरे उलटी केली, एवढेच. अक्षर ओळखू येईल म्हणून गोष्ट मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिला नंबर आला! त्यानंतर ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तके आली, आणि मराठीत विज्ञानकथा वाचणारा वर्ग वाढत गेला. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे तिथे जाता मात्र आले नाही.

१९८८ मध्ये त्यांनी पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारली आणि २००३ पर्यंत चालवली. तिच्या आवारात न्यूटनच्या बागेतल्या सफरचंदाच्या झाडाचा वंश आणून लावला होता. पुण्याच्या हवेत तो फार काळ टिकला नाही. सफरचंदाला हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते, हे मी कृषिखात्याचा माणूस म्हणून आधीच सांगितले असते. पण मला कोण विचारतो! त्या झाडापेक्षा दुसरे एक रोप तिथे चांगले रुजले. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेतल्या मुलांसाठी व्याख्याने ठेवली जात, एक इंग्रजीत आणि एक मराठीत किंवा हिंदीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी येऊन शास्त्रज्ञाबरोबर आठवडाभर काम करायचे, अशीही सोय होती. डोक्याएवढ्या मोठ्या गणितात बुडालेली माणसे शनिवारी सकाळी सातवी-आठवीच्या पोरांपुढे उभी राहत.

त्यांचे म्हणणे सगळ्या जगाला पटले होते, असे समजू नका. उलट बहुतेक शास्त्रज्ञ विरुद्ध बाजूचे. हा वाद बांधावरच्या भाषेत सांगतो. शेततळे एका मोठ्या पावसात एकदम भरावे, आणि मग ते पाणी रानभर पसरत पातळ होत जावे, तसे विश्व एका क्षणी सुरू होऊन पसरते आहे, असे बहुतेकांचे मत. याला महास्फोट म्हणतात. हॉईल आणि नारळीकर म्हणत, विश्व विहिरीसारखे आहे. मोट चालू असते, पाणी रानात पसरत राहते, पण झऱ्यातून नवे येत राहते आणि पातळी तीच राहते. तिला आरंभ नाही. १९६५ मध्ये आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे मंद किरण सापडल्याचे जाहीर झाले, आणि महास्फोटाची बाजू फार जड झाली. आज जवळजवळ सगळे शास्त्रज्ञ तेच मानतात. नारळीकरांनी १९९३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला आणि शेवटपर्यंत आपली शंका सोडली नाही. माझ्या अडाणी मते ते इथे बहुधा चुकले. पण स्वतःच्या संस्थेत त्यांनी विरुद्ध मताची माणसे नेमली, वाढवली. ही गोष्ट मला त्या सिद्धांतापेक्षा मोठी वाटते. आपल्या सहकारी संस्थांत विरोधी पॅनेलचा शिपाईसुद्धा टिकत नाही.

त्यांच्या एका कामाचा धागा तर थेट तुमच्या सोयाबीनपर्यंत येतो. आकाशातून सूक्ष्मजीव खाली येत असतील का, हे बघायला हैदराबादहून मोठे फुगे सोडले गेले, पार ४१ किलोमीटर उंचीपर्यंत. २००५ च्या फुग्यात वरच्या हवेचे नमुने घेतले आणि त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. २००९ मध्ये ते जाहीर झाले. एका जातीला आर्यभटाचे नाव दिले, बॅसिलस आर्यभट्टाई. ते जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे काही सिद्ध झाले नाही, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. पुढे हीच जात मध्य भारतातल्या काळ्या मातीत, पिकाच्या मुळांजवळ सापडली. जमिनीतले न विरघळणारे जस्त ती पिकाला घेता येईल असे करते, असे सोयाबीन आणि गव्हावरच्या प्रयोगांत दिसले. जस्ताची कमतरता आपल्या किती रानांत आहे, ते माती परीक्षणाच्या पत्रिका बघा.

आता २००८ ची ज्योतिषाची परीक्षा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रातले जाणकार यांच्या साथीने त्यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर अभ्यासात हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांनी पत्रिका बघून फक्त एवढेच सांगायचे, की मूल कोणत्या गटातले. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या २०० बघितल्या, तिची १०२ बरोबर आली. नाणे उडवून छापा-काटा केला असता तरी शंभरात पन्नास बरोबर आलीच असती.

तुम्ही गोणपाटावर शंभर दाणे मांडून उगवण बघता ना? ही परीक्षा त्याच जातीची. भांडण नाही, शिवीगाळ नाही. दाणे मोजा आणि बघा. त्यांनी ज्योतिषांची टिंगल केली नाही, त्यांना बोलावून प्रश्नपत्रिका दिली.

आणि मी काय केले होते? नोकरीतल्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका गावी खरिपाची सभा होती. मागच्या रांगेत बायका बसल्या होत्या. त्यातली एक उठली आणि म्हणाली, “साहेब, यंदा मिरगाचं वाहन उंदीर हाय म्हनत्यात. मग सोयाबीन पेरावं का थांबावं?”

मी हसलो. “उंदीर आला तर मांजर पाळा बाई,” असे काहीतरी म्हणालो. सगळी सभा हसली. ती पदर सावरून खाली बसली. मी पुढच्या तक्त्याकडे वळलो. सभा झकास झाली असे मला वाटले.

त्या साली पहिल्या सरीवरच त्यांनी पेरले. वीत-दीड वीत ओल सुद्धा नव्हती. पुढे अठरा दिवस पावसाने दडी मारली. बी घरचेच होते, दमट कोपऱ्यात ठेवलेले. जे थोडे उगवले तेही करपले. दुबार पेरणीसाठी तिच्या कानातले सोनाराकडे गेले. मी पंचनाम्याच्या वेळी त्यांच्या बांधावर गेलो, तेव्हा तिने ओळखले. म्हणाली, “मला बियाचंबी इचारायचं हुतं साहेब. बी वलं झालं हुतं, उगवंल का न्हाई ते. पन तुमी हसलात, मग फुडचं इचारलंच न्हाई.”

मी काय बोलणार? चारजणांत उभे राहताना उंदराचा आडोसा घेऊन तिने दार किलकिले केले होते. मी ते लावून घेतले. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे वाक्य मला त्या सभेत सांगायचे होते, आणि मी सांगितलेही होते. तोवर ती ऐकायची थांबली होती. मला ते माझ्या पोस्टकार्डाआधीच कळायला हवे होते, कारण हसतील या भीतीने गप्प बसलेला मीही एक होतोच.

मी त्यानंतर दोन गोष्टी करू लागलो. सभेत कुणी काहीही विचारले, वाहनाचे, मुहूर्ताचे, करणीचे, तरी आधी विचारायचे, “बरं, तुमच्या रानात काय झालंय?” आणि दुसरी गोष्ट तर सरळ सरळ उचललेलीच आहे. सभेला जाताना पोस्टकार्डांचा एक गठ्ठा नेतो. पत्ता माझा घातलेला. चारचौघांत तोंड उघडवत नसेल तर घरी जाऊन लिहा, नाव नाही घातले तरी चालेल, फक्त उत्तरासाठी पत्ता घाला. आता हातोहाती मोबाइल आहेत, तरुण पोरे त्यावरच विचारतात. पण कार्डे येतात अजून, जास्त करून बायकांची आणि शाळेतल्या मुलांची. मुलांची तर काय सांगू! एकाने विचारले, की चंद्रावर माती आहे म्हणतात तर तिथे हरभरा येईल का. दुसरीने विचारले, सूर्य कधी पश्चिमेला उगवतो का. तिला मी कळवले, की नारळीकरांनी विमानातून तो तसा उगवताना पाहिला होता. विमान उत्तरेकडच्या प्रदेशावरून पश्चिमेकडे जात होते. तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आपल्याकडच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे विमान तिच्याही पुढे गेले. मावळलेला सूर्य मागे फिरून पश्चिमेलाच पुन्हा वर आला.

परवा आलेले कार्ड त्याच गावचे आहे. अक्षर नातीचे, मजकूर आजीचा. कानातले सुटले, असे आधी लिहिले आहे. मग प्रश्न: गोणपाटावर शंभर दाणे घातले, साठ उगवले, तर बी टाकून द्यायचे का?

मी उलट टपाली लिहिले. टाकू नका. सोयाबीनला शंभरात सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पुरते. साठ उगवत असतील तर ३० ला ७० ने गुणा, ६० ने भागा, म्हणजे ३५ किलो. साठाच्या खाली गेले तर मात्र पेरू नका, बाजारात विका. बीजप्रक्रिया आधी बुरशीनाशकाची आणि मग रायझोबियमची, सावलीत. पोते आपटू नका, सोयाबीनचे साल पातळ असते. आणि पाऊस ७५ मिलिमीटरच्या वर गेल्यावरच, मृगाचे वाहन कोणतेही असो. खाली सही केली.